मार्सेयला गेलात तर आधी वारा बघा

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मार्सेयमध्ये पहिल्या सकाळी चहा घेता घेता मी भाचीला विचारलं, "आज काय बघायचं?" ती फोनमध्ये डोकं घालून बसली होती. "थांब मावशी, आधी वारा बघू दे," म्हणाली. मला वाटलं थट्टा करतेय. मी वेंगुर्ल्याची; वारा बघून होडी काढतात हे मला कुणी शिकवायला नको. पण वारा बघून फिरायला जायचं? दोन दिवसांनी इफ बेटावरच्या किल्ल्याला जायला नटूनथटून धक्क्यावर पोचलो आणि तिकीट-खिडकीतल्या माणसानं हात हलवत "मिस्त्राल" एवढा एकच शब्द उच्चारला, तेव्हा पटलं.

मिस्त्राल म्हणजे रोन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून सुटणारा थंड, कोरडा वारा. आभाळ निळंशार, ऊन लख्ख; खिडकीतून बघाल तर वाटेल, फिरायला याहून चांगला दिवस नाही. बाहेर पडलात की टोपी गेलीच. ताशी शंभर किलोमीटरच्या वरही जातो, आणि एकदा सुटला की दोन-तीन दिवस बसायचं नाव घेत नाही. म्हणून मार्सेयचा कार्यक्रम तारीखवार आखू नका. दोन याद्या करा, एक वारा पडलेल्या दिवसाची, एक वाऱ्याच्या दिवसाची, आणि रोज सकाळी त्यातली एक उचला. त्यासाठी निदान चार दिवस तरी हाताशी हवेत. पॅरिसहून एका दिवसात जाऊन येणारे लोक असतात. त्यांना वारा लागला तर त्यांनी स्टेशन तेवढं बघितलं असं समजायचं.

मी दोनदा गेले, एकदा सप्टेंबरअखेर नऊ दिवस आणि नंतर फेब्रुवारीत सहा. भाची तिथे नोकरीला आहे. बरोबर नवरा, जो शाकाहारी आहे; केकमधलं अंडं त्याला दिसत नाही, पण मासा मैलावरून दिसतो. तेव्हा पुढे जे सांगते आहे ते दोन्ही पंगतींचं आहे.

पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान गाडीनं साधारण सव्वातीन तासांत साँ-शार्ल स्टेशन येतं. बाहेर पडलात की समोर १०४ पायऱ्यांचा रुंद जिना उतरत गेलेला, खाली शहर, आणि पलीकडच्या टेकडीवर चर्चची सोनेरी मूर्ती. जिन्यावर उभं राहून बघा जरूर, पण बॅगा असतील तर आत वळून मेट्रो पकडा. जुनं बंदर दोन स्टेशनांवर आहे. राहायला त्याच बाजूला जागा घ्या, आणि जमलं तर स्वयंपाकघर असलेली. का ते शेवटी सांगते. जुलै-ऑगस्टात जाऊ नका. गर्दी असते, आणि वणव्याच्या भीतीनं डोंगरवाटाही मधूनमधून बंद ठेवतात. एप्रिल ते जूनचा मध्य किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम.

एक मनाची तयारी ठेवा. पॅरिसहून आलेले लोक इथे नाक मुरडतात. भिंती रंगवून ठेवलेल्या, रस्त्यात कचरा, गाड्यांचे भोंगे, मोठमोठ्यानं बोलणारी माणसं. मला पहिल्या तासातच घरी आल्यासारखं वाटलं. फोन मात्र मुंबईच्या लोकलमध्ये सांभाळतो तसाच सांभाळा. आणि दुकानात शिरल्यावर काहीही विचारण्याआधी "बाँझूर" म्हणा. न म्हणता थेट भाव विचारलात तर समोरची बाई तुम्हाला बराच वेळ न दिसल्यासारखं करते. नवऱ्यानं हे दोनदा अनुभवलं, मग कानाला खडा लावला.

सकाळचं बंदर

वारा असो-नसो, एक सकाळ जुन्या बंदराच्या टोकाला मासळीबाजारात घालवा. "व्ह्यू-पोर" म्हणतात या बंदराला. बाजार कसला, जेमतेम दहा-बारा टेबलं; वर पत्र्याची निळी ताटं, ताटांत समुद्राचं पाणी, आणि त्यात मासे अजून हलतायत. आठच्या सुमाराला जा. दुपारी एकनंतर पाण्याचे ओघळ तेवढे उरतात. होडी मागेच बांधलेली असते. बऱ्याच ठिकाणी नवरा होडीवर आणि बायको टेबलाशी. आपल्याकडे वेगळं काय असतं?

ताटात काय असतं ते ओळखायला सोपं. सार्दीन म्हणजे आपली तारली. माक्रो हा आपल्या बांगड्याचा भाऊबंद, पाठीवर वाघासारखे पट्टे. काँग्र आपल्या वामेसारखा लांबुळका. आणि रासकास: लालसर, काटेरी, तोंड वाकडं, बघून कुणी विकत घेणार नाही असा. तोच इथल्या कालवणाचा राजा. घासाघीस करायची नाही, फार तर बाजार उठायच्या वेळेला एखादा मासा वर पडतो.

जवळच आरशाचं भलंमोठं छत आहे, वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांनी २०१३ मध्ये उभारलेलं. मान वर केली की सगळा धक्का उलटा टांगलेला दिसतो, तुम्ही, माशांची ताटं, कबुतरं सगळी डोक्यावर. तिथेच जमिनीत एक पाटी बसवली आहे: इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास फोकाइयाहून आलेले ग्रीक दर्यावर्दी इथे उतरले आणि हे शहर वसलं.

मार्सेयकरांच्या थापांबद्दल एक गोष्ट सांगतात. इथे एका तारलीनं बंदराचं तोंड अडवलं म्हणे. सारा फ्रान्स याच्यावर हसतो. खरी हकीकत अशी की १७८० मध्ये 'सार्तीन' नावाचं जहाज बंदराच्या मुखाशी बुडालं आणि वाट अडली. कुणीतरी एक अक्षर बदललं, झाली तारली. गंमत म्हणजे ते जहाज इंग्रजांच्या कैदेतून सुटलेले फ्रेंच सैनिक घेऊन आपल्या पाँडिचेरीहून आलं होतं.

बंदराच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला छोटी फेरी-बोट आहे. नगरपालिकेच्या इमारतीसमोर चढा, तीन-चार मिनिटांत पलीकडे. चालत गेलं तरी चालतं, पण काय म्हणून चालायचं?

वारा पडलेला दिवस

असा दिवस मिळाला की समुद्रावर जा, दुसरं काही नको. इफचं बेट बंदरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर. सोळाव्या शतकातला किल्ला, पुढे तुरुंग. अलेक्झांडर द्यूमाच्या कादंबरीतल्या काउंट ऑफ मोंते क्रिस्तोला इथेच कोंडलं होतं, आणि त्या काल्पनिक कैद्याची कोठडीही दाखवतात, भिंतीतल्या भोकासकट. समुद्र थोडा जरी खवळला तरी इफला होडी लागत नाही, थेट पुढच्या फ्रियूल बेटांवर नेते. आमचं दुसऱ्या खेपेला तेच झालं. वाईट वाटून घेऊ नका. फ्रियूलला पांढरा खडक, निळं पाणी, बसायला जागा आणि डबा खायला निवांतपणा आहे.

कालांक हा दुसरा बेत. चुनखडीच्या पांढऱ्या कड्यांमध्ये समुद्र आत घुसलाय, अशा चिंचोळ्या खाड्या. २०१२ पासून राष्ट्रीय उद्यान. गुडघे चांगले असतील तर लुमिनीच्या बसनं जाऊन सुजितोंच्या खाडीत पायी उतरा. उन्हाळ्यात तिथे आधी नोंदणी करावी लागते, फुकट असते पण संपते. पाणी घरून न्या, वाटेत नळ नाही. उतरताना मजा वाटते, चढून यायचंय हे खाली पोचल्यावर आठवतं. मी वरच्या कड्यावरून बघितलं आणि तिथेच चटई अंथरली. ज्यांना हेही नको त्यांनी ले गूदला जावं. शहराच्या हद्दीतलंच कोळीवाड्यासारखं गाव, रस्ता तिथे जवळजवळ संपतो. समोर बोडके डोंगर आणि समुद्र. उन्हाळी महिन्यांत पॉईंत रूजहून सरकारी होडीही जाते.

संध्याकाळी ८३ नंबरची बस धरून कॉर्निशवर उतरा. समुद्राकडे तोंड करून काँक्रीटचा बाक, जवळपास तीन किलोमीटर लांब. आपल्या मरीन ड्राइव्हचा कठडा आठवेल. तिथेच एका पुलाखाली वालों देझोफ नावाचं इवलंसं बंदर लपलंय. ओफ म्हणजे दोर आणि जाळी वळायचं गवत, आपल्याकडे काथ्या तसं. पुलाच्या कमानीखालून होड्या आत येतात. सूर्य मावळेपर्यंत हलू नका.

वाऱ्याचा दिवस

ल पानिए ही सगळ्यात जुनी वस्ती, बंदराच्या उत्तरेला चढावर. गल्ल्या इतक्या अरुंद की वारा वरून जातो. दोरीवर कपडे, दारात मांजरं. वर व्हिए शारिते आहे: सतराव्या शतकात गरिबांना ठेवण्यासाठी बांधलेली वास्तू, तीन मजली कमानी आणि मधोमध लंबगोल घुमटाचं देऊळ. चौकात बसून राहावं अशी जागा. पानिएच्या खालची, बंदरालगतची वस्ती मात्र जुनी दिसणार नाही. १९४३ मध्ये जर्मनांनी वीस हजारांवर माणसं घराबाहेर काढली आणि ती सगळी वस्ती सुरुंगानं उडवली.

तिथून चालत म्यूसेमला. भूमध्य समुद्राकाठच्या संस्कृतींचं संग्रहालय, २०१३ चं. बाहेरून काँक्रीटची काळी जाळी, मासेमारीच्या जाळ्यासारखी वेडीवाकडी. तिच्यातून उन्हाचे कवडसे पडतात. आतल्या दालनांना तिकीट आहे, पण जाळीच्या आतून वर चढणारी वाट, गच्ची आणि सेंट-जाँ किल्ल्याला जोडणारा पूल फुकट. मंगळवारी बंद. वारा जोरात असेल तर पुलावर चष्मा धरून चाला.

टेकडीवरचं नोत्रदाम द ला गार्द चर्च वाऱ्यात टाळा, दुसऱ्या कुठल्याही दिवशी ६० नंबरच्या बसनं जा. मार्सेयकर त्याला "बॉन मेर" म्हणतात, भली आई. आत छताला जहाजांच्या छोट्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत आणि भिंतींवर आभाराच्या संगमरवरी पाट्या. दर्यातून जीव वाचला म्हणून फेडलेले नवस. मी बराच वेळ मान वर करून उभी होते. आमच्याकडे नारळ देतात, यांच्याकडे जहाज देतात.

आता आपल्या लोकांचा हमखास प्रश्न: सावरकरांनी उडी मारली ती जागा कुठली? नवरा याच एका कारणासाठी मार्सेयला तयार झाला होता. ८ जुलै १९१० ला 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून निसटून ते पोहत धक्क्याला लागले, फ्रेंच पोलिसानं पकडून परत इंग्रजांच्या हवाली केलं, आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल लागला, की पकडण्यात चूक झाली असली तरी ब्रिटनवर त्यांना परत करायचं बंधन नाही. जुन्या बंदरावर उभं राहून "इथेच बहुतेक" म्हणू नका. मोठ्या आगबोटी तेव्हाही उत्तरेच्या, जोलिएतच्या नव्या बंदरात लागत. ते आज कुंपणाआड आहे. पण जोलिएतला ले तेरास द्यू पोर नावाचा मॉल आहे, त्याच्या मागच्या लांबलचक गच्चीवरून सगळे धक्के आणि जहाजं दिसतात. नवरा तिथे अर्धा तास काही न बोलता उभा होता. मी तोवर खाली जाऊन स्वस्त मोजे आणले.

ज्यांना या धाग्यात रस आहे त्यांनी दक्षिणेकडच्या माझार्ग दफनभूमीतही जावं. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी पलटणी फ्रान्सला उतरल्या त्या मार्सेयलाच. तिथे आपल्या सैनिकांच्या कबरी आहेत, आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्या नावांचं स्मारक.

चंडीगड आखणाऱ्या ल कोर्ब्युझिएची मोठी इमारतही वाऱ्याच्या दिवशी बघण्यासारखी. १९५२ मध्ये पुरी झाली, ३३७ घरं, मधल्या मजल्यावर दुकानं. लोक तिला "मेझों द्यू फादा" म्हणतात, वेड्याचं घर. २०१६ मध्ये चंडीगडच्या कॅपिटॉलबरोबरच ती जागतिक वारशाच्या यादीत आली. वास्तुकलेचं वेड नसेल तर मात्र तासाभरात उरका.

पानात काय

बुयाबेस खायचं का? खायचं, पण एकदाच आणि नीट. बंदराच्या काठावर पंचवीस युरोची पाटी दिसली तर पुढे चला. खऱ्या बुयाबेसला निदान चार जातींचे खडकातले मासे लागतात, बरीच हॉटेलं आदल्या दिवशी सांगा म्हणतात, आणि माणशी सत्तर युरोच्या आसपास किंवा वर जातं. नावाचाच अर्थ, उकळी आली की आच उतरव. आधी नुसता रस्सा येतो, गंजाच्या रंगाचा: केशर, टोमॅटो, बडीशेपेचं झाड, संत्र्याची साल. बरोबर पावाचे कडक काप आणि सोललेली लसूण. लसूण कापावर घासायची, वर रूय थापायचं (लसूण, लाल मिरची आणि ऑलिव्ह तेल घोटलेलं), आणि काप रश्श्यात सोडायचा. मग मासे अख्खे दाखवून तुमच्यासमोर काटे काढून वाढतात. चव? खोबरं नाही, चिंच नाही, तिखट नावाला. पहिल्या चमच्याला मी गप्प बसले. तिसऱ्याला कळलं की हा नुसता माशाचाच अर्क आहे, दुसरं काही मध्ये येऊ दिलेलं नाही. पैसे जपायचे असतील तर "सूप द प्वासों" मागा. हाच रस्सा, हेच रूय, मासे वगळून, आणि किंमत त्याच्या पाव.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. पानीस हे नाव पाठ करा. चण्याचं पीठ पाण्यात घट्ट शिजवायचं, साच्यात ओतून गार करायचं, चकत्या कापून तळायच्या. म्हणजे पाटवड्या तळल्यासारखंच. बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत, वर मीठ-मिरपूड. नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, "यात ओवा पाहिजे होता." तरी पुडा त्यानंच संपवला. पानीससाठी लेस्ताकला जा, शहराच्या उत्तर टोकाला. उन्हाळ्यात जुन्या बंदरातून होडी जाते, एरवी बस. धक्क्यावरच्या टपऱ्यांत पानीस आणि शिशी फ्रेजी मिळते. शिशी म्हणजे संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास असलेलं, लांबलचक तळलेलं, साखरेत घोळवलेलं प्रकरण. याच लेस्ताकची घरं चित्रकार ब्राकनं १९०८ मध्ये ठोकळ्यांसारखी रंगवली आणि त्यावरून क्युबिझम हे नाव पडलं. तेलकट बोटांनी बघितलं तर घरं अजून तशीच दिसतात.

धोक्याची जागा सांगते. तापनाद म्हणजे काळ्या ऑलिव्हची चटणी. शाकाहारी वाटते, पण तिच्यात बहुतेक वेळा आंशुआ, म्हणजे खारवलेले छोटे मासे वाटलेले असतात. पिझ्झ्यावरही तेच. एका ठिकाणी आम्हाला "भाजीचं सॅलड" म्हणून दिलं त्यात पानाखाली तीन आंशुआ निघाले. "साँ प्वासों, साँ आंशुआ, साँ व्हियांद" असं तिन्ही एका दमात म्हणायचं. सूप ओ पिस्तू बघा, घेवडा-दाण्यांचं सूप, तुळशीच्या जातीच्या पानांची चटणी घातलेलं. त्यात कधी मांसाचा तुकडा असतो, तेवढं विचारा. आणि नोआय या वस्तीत जा. काप्युसँचा बाजार म्हणजे अल्जिरिया, ट्युनिशिया, कोमोरोस एका गल्लीत: कोथिंबिरीच्या जुड्या, पुदिना, भेंडी, मसाल्यांची पोती, भाज्यांचा कुसकुस. नवऱ्याचं पोट खऱ्या अर्थानं तिथेच भरलं.

पास्तीस हे बडीशेपेच्या वासाचं मद्य. पाणी घातलं की दुधाळ होतं. एकास पाच पाणी. मला खोकल्याचं औषध आठवलं, भाचीला आवडतं.

परतीला काय आणायचं? नावेत. होडीच्या आकाराचं कडक बिस्कीट, संत्र्याच्या फुलांच्या वासाचं. सेंट-व्हिक्तोर मठाजवळ १७८१ पासूनची भट्टी आहे. २ फेब्रुवारीच्या सणाला त्या मठात हिरव्या मेणबत्त्या घेऊन लोक येतात आणि नावेत घेऊन जातात; आम्ही त्याच आठवड्यात होतो, रांग कोपऱ्यापर्यंत. दात सांभाळा, चहात बुडवून खा. महिनोन्महिने टिकतं. साबण घ्यायचा तर ७२ टक्के तेलाचा छाप असलेली हिरवट किंवा पांढरी चौकोनी वडी घ्या. गुलाबी-जांभळे, लॅव्हेंडरचे साबण शोभेचे.

आता स्वयंपाकघराचं. इथून जाताना मालवणी मसाला आणि आमसुलं न्या. दूध-तुपाचं किंवा मांसाचं काही नेऊ नका, युरोपात चालत नाही. सप्टेंबरात मी धक्क्यावरच्या एका बाईकडून चार माक्रो घेतले. तिनं विचारलं, भट्टीत की सूपमध्ये? मी हातानं कढईचा आकार केला. तिनं मान हलवली, म्हणजे चूक आहे असं. घरी खोबऱ्याचं दूध डब्यातलं, मसाला, चार आमसुलं. बांगड्यापेक्षा थोडा कोरडा लागतो, पण तिखट छान धरतो. भाचीनं तीन वेळा भात घेतला.

फेब्रुवारीत परत गेले तेव्हा आमसुलाची पुडी पर्समध्ये ठेवली होती. तीच बाई, तेच निळं ताट. तिला एक दिलं. तिनं वास घेतला, कोपरा चावला, डोळे मिटून तोंड वेडंवाकडं केलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याला हाक मारली. मग त्याला एक. मग होडीत बसलेल्या तिच्या नवऱ्याला. तेव्हा आमसुलं पाव किलो तरी न्या, अर्धी धक्क्यावरच संपतात.